दोघांत एक मायक्रोस्कोप

आज त्या माणसाला गाठायचंच, असं ठरवून ती आपल्या वेळेच्या बरीच आधी प्रयोगशाळेत पोहोचली. बाहेर भुरभुर चालू होती. छत्री असूनही एक खांदा भिजला होता, त्यामुळे राग आणखीच ताजा होता.

विभागात चांगला मायक्रोस्कोप असा एकच, तो सगळ्यांनी वाटून वापरायचा. सकाळी कोणीतरी, दुपारी ती. ज्याच्या त्याच्या डोळ्यांचा नंबर वेगळा, म्हणून डोळा लावायच्या नळ्यांवर कडी असते, ती फिरवून आपापल्यापुरतं जुळवून घ्यायचं. हा सकाळचा गृहस्थ ती अशी काही पिरगाळून ठेवायचा की परागकण बघायला बसावं तर समोर नुसतं धुकं.

तो चष्मा कपाळावर चढवून नळीत डोळे घालून बसला होता.

"कडीचा खेळखंडोबा करणारे तुम्हीच का?" तिने विचारलं.

त्याने मान वर केली, डोळे मिचकावले. "थांबा हं. चष्म्याशिवाय मला कोण रागावलंय तेसुद्धा कळत नाही." मग चष्मा नाकावर घेऊन त्याने तिच्याकडे पाहिलं. पाहिलं, ते जरा जास्तच वेळ. "हं... आता कळलं."

तिने वाटेत घोकलेलं सगळं भाषण जागच्या जागी विरघळलं.

दोघंही या देशात परकी, दोघंही शिष्यवृत्तीवर पदव्युत्तर शिक्षणाला आलेली. तो लाकडाचे पापुद्र्यासारखे काप काढून बघायचा, म्हणून तिने त्याला 'सुतार' करून टाकलं. परागकणांच्या मागे असलेल्या तिला त्याने 'मधमाशी' म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवसापासून दुपारी ती बसली की कडी तिच्याच नंबरावर असायची.

"तुम्हाला कसं कळतं?"

"कडीवर रेघा आहेत. तुमची कुठली ते बघून ठेवलंय."

"आणखी काय काय बघून ठेवलंय?"

"ते... प्रबंध झाल्यावर सांगेन."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. प्रेमाचं नाव मात्र कोणी काढलं नाही. तिला तेवढी सवडच नव्हती. शिष्यवृत्तीची अट सरळ होती: मुदतीत पदवी घ्यायची आणि तिला पाठवणाऱ्या कॉलेजात परत जाऊन शिकवायचं. मुदत हुकली की पदवी गेली आणि तिच्यासाठी राखलेली जागाही गेली. घरी दादा-वहिनी तिच्या नोकरीकडे डोळे लावून बसले होते.

उन्हाळ्याच्या तोंडावर सुतार लाकडांचे नमुने आणायला दूर गेला. जाताना घाईत कडी त्याच्याच नंबरावर राहिली. तिने फिरवायला हात लावला आणि तो तिथेच थांबला. हा असं बघतो तर! एवढीच एक त्याची वस्तू मागे राहिली होती, ती पुसून टाकायचं तिच्या जिवावर आलं. तिने खालचं मोठं चाक पुढेमागे फिरवून कसंबसं जुळवलं आणि तो परत येईपर्यंत तसंच काम रेटलं. डोळे दुखायचे, पण तिला त्याचीसुद्धा मजा वाटायची.

मायक्रोस्कोपच्या कॅमेऱ्याने तिने त्या दिवसांत काढलेले परागकणांचे फोटो पाहून प्रबंधाच्या गाइडबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या.

"एकही कामाचा नाही. तुला स्पष्ट दिसलं असेल, कॅमेऱ्याला दिसलेलं नाही. कडी आपल्या नंबरावर नसली की असं होतं, हे पहिल्या वर्षाला शिकवतो आपण! सगळे पुन्हा काढ."

मुदत तर दाराशी आलेली. संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "आवाज का असा गं? प्रेमात पडलीस की नापास झालीस?"

"दोन्ही व्हायच्या बेतात आहे, वहिनी," ती म्हणाली आणि रडली.

फोटो पुन्हा काढायचेत हे कळल्यावर परत आलेल्या सुताराने कारण विचारलं नाही. "माझ्या सकाळच्या वेळा तू घे. माझी लाकडं काही पळून जात नाहीत," एवढंच म्हणाला. ती सकाळ-दुपार बसली आणि प्रबंध मुदतीत गेला. पदवीचं नक्की झालं त्या दिवशी बाईंनी अभिनंदन केलं आणि सहज म्हणाल्या, "त्या मुलाची परीक्षा मात्र पुढच्या सत्रावर गेली. त्याचं काम राहिलं ना."

ती तडक प्रयोगशाळेत गेली.

"हे मला का नाही सांगितलंस?"

"तू सकाळी बसली नसतीस."

"अरे, पण चूक माझी होती! ते फोटो का बिघडले माहीत आहे? कडी तुझ्या नंबरावर होती... आणि मी ती मुद्दाम फिरवली नाही."

"का?"

"तू नव्हतास म्हणून." ती चिडून बोलली, आणि बोलल्यावर तिचे कान तापले. "आवडतोस तू मला. एवढा मठ्ठपणा मी दुसऱ्या कोणासाठी केला असता का?"

 तो चष्मा काढून उगाचच सदऱ्याला पुसत बसला.

"मी बघून ठेवलेलं सांगायचं राहिलंय," तो म्हणाला. "स्पष्ट दिसलं की तू नळीतून डोळे न काढता हसतेस. ते बघायला मी दुपारी इथे घुटमळायचो. काम त्यानेसुद्धा थोडं राहिलंच."

ती हसली. पण परवा तिचं विमान होतं, ते दोघांनाही ठाऊक होतं. तिने मायक्रोस्कोपजवळ जाऊन कडी फिरवली आणि रेघांकडे न बघता त्याच्या नंबरावर आणून ठेवली.

"आता सकाळी तुला तुझी रेघ शोधावी लागणार नाही."

त्याने नळीत डोळे घातले. बराच वेळ वर बघितलं नाही.

"तुमच्या कॉलेजात मायक्रोस्कोप आहे?" त्याने तसंच विचारलं.

"एकच आहे. तोही जुना."

"मग परीक्षा झाली की येतो. मला वाटून घ्यायची सवय आहे."