आप्पांची ताकद कुणी चोरली?

“पावडर काढून डब्यात पीठ भरतंय कुणीतरी,” दार उघडताच ताई म्हणाली.

खासगी गुप्तहेर चपला काढून आत आला. मागून धापा टाकत त्याचा मेव्हणा.

ताईचे वडील, आप्पा, आरामखुर्चीत होते. नुसती हाडं उरलेली. डॉक्टरांनी स्नायूंसाठी प्रथिनांची पावडर दिली होती. डबे संपत होते, पण आप्पांना पेलाही पेलवत नव्हता. काल ताईने त्यांच्यादेखत सेविका मावशींची पिशवी उलटी केली होती. निघाला एक कंगवा आणि रुमाल.

गुप्तहेराने सीलबंद डबा फोडून चव घेतली, मग उघड्या डब्यातली, मग आप्पांच्या पेल्याच्या तळातली.

“पोट भरलं का?” मेव्हणा म्हणाला. “मावशीच स्वतः पीत असणार.”

“उगाच आळ नको,” आप्पा म्हणाले. “पेला तीच धरते, थेंबही सांडू देत नाही.”

ताईचा नवरा डंबेल्स उचलणारा. मेव्हण्याची नजर आपल्याकडे वळलेली पाहून तो वैतागला. “मला दुधाची पावडर पचत नाही. तोंडात घातली की शौचालय गाठतो!”

मावशी ओट्याशी उभ्या होत्या, डोळे सुजलेले. “आधी मी त्यांना जिन्यापर्यंत चालवायचे. वर्षापूर्वी एकदा पडले, तेव्हापासून ताईंनी बंद केलं.”

गुप्तहेराने आप्पांच्या चपला उलट्या केल्या. “नव्या आहेत?”

“छे, वर्ष झालं,” ताई म्हणाली.

त्याने सगळ्यांना बसवलं.

“तिन्ही चवी एकच. पीठ नाही, चोरीही नाही. आप्पा सगळं पितात.”

“मग अंगी का लागत नाही?” मेव्हण्याने डोकं खाजवलं.

“स्नायूवर काम पडलं, तरच तो खाल्लेलं वापरून बळकट होतो, शक्ती तयार करतो. या चपलांचे तळ वर्षभरानंतरही कोरे आहेत. पाणी, घंटा, लघवीचं भांडं, सगळं खुर्चीच्या हाताशी. पेलासुद्धा दुसरंच कुणी धरतं. ताई, डॉक्टरांनी नुसती पावडरच सांगितली होती?”

“चालवायलाही सांगितलं होतं,” ताई कशीबशी म्हणाली. “पुन्हा पडले तर, म्हणून मी...”

“घाबरली होती पोर,” आप्पा हळूच म्हणाले. त्या शब्दांनी तर तिला धरणी दुभंगून पोटात घ्यावं असं झालं.

ती मावशींसमोर गेली. मान वर होईना. “मावशी, काल मी तुमची पिशवी...”

मावशींनी पदराने डोळे पुसले. आवाज अजून कोरडाच होता. “ते नंतर बोलू. आधी त्यांची दुसरी बाजू धरा. उठवू या.”