भिडस्त माणसाची फायरवॉल

भाटघरला मैत्रिणीच्या हळदीकुंकवाहून मधुवंती निघाली, तर तिच्या स्कूटीपाशी एक उंच तरुण घुटमळत उभा.

"भोरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान... तुमचंच न्हवं? माझ्या कॉम्प्युटरवरनं गिऱ्हाइकांना भलतेच मेसेज जात्यात."

त्याचं नाव मानसिंग. घरचा आंबेमोहोर तो ऑनलाइन विकायचा. नावात सिंह, पण डोळे असे लाजरे, की मधुवंती दुकानाची घाई विसरून त्याच्या घरी गेली.

कॉम्प्युटर बघून तिनं कपाळावर हात मारला. आत घुसखोर प्रोग्रामना अडवणाऱ्या फायरवॉल, त्याही तीन-तीन!

"एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, इथं तर तीन! कॉम्प्युटरसोबत आलेली तेवढी ठेवू, ती पुरे. पण काय हो, 'परवानगी द्यायची का' असं विचारणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही हो म्हणालात?"

"कुणी इचारलं की... न्हाई म्हणवत न्हाई."

ती खळखळून हसली आणि शिकवायलाच बसली. ओळखीचा प्रोग्राम असेल तर हो, नसेल तर सरळ नाही. मग काहीबाही तपासायच्या निमित्तानं ती दर रविवारी येऊ लागली. त्याची आई, फुलाबाई, चहात आलं जास्त घालू लागली. माऊसवर बोटाला बोट लागलं, की दोघंही उगीच स्क्रीनकडं बघत बसत. मधुवंती प्रेमात पडली होती, आणि तिला त्याची मुळीच लाज वाटत नव्हती.

एका रविवारी तिनं विचारूनच टाकलं, "मी आवडते तुम्हाला?"

"व्हय... लई."

"मग पानशेतला मुलगी बघायला जाणार आहात, असं आई म्हणाल्या, ते?"

त्याचा चेहरा उतरला. "मामांनी इचारलं... मी व्हय म्हणालो."

सगळ्यांनाच हो म्हणणाऱ्याचा होकार घेऊन मधुवंती करणार काय? तिनं पर्स उचलली.

"म्हणजे मलाही भिडेखातरच म्हणालात. येते मी."

ती अंगणात पोचते न पोचते, तोच मागून त्याचा आवाज आला. मोबाईल कानाला, स्वर कापरा – पण शब्द स्पष्ट.

"मामा, पानशेतला मी येनार न्हाई... राग माना हवं तर, पर न्हाई. माझं मन दुसरीकडं हाय. भोरची हाय ती."

तिकडून मामा असे कडाडले, की अंगणात ऐकू आलं. मानसिंगनं फोन ठेवला नाही, की मान खाली घातली नाही. तो मधुवंतीकडंच बघत राहिला.

ती ओसरीवर परत आली, त्याच्या शेजारी उभी राहिली आणि हात पुढं केला.

"द्या फोन. मामांशी मी बोलते."