सीतारामच्या नावापुढचा शब्द

बुधवार पेठेत, एका स्पीकरच्या दुकानाच्या डोक्यावर, गोपाळकृष्ण यांचं डिझाइनचं ऑफिस होतं. जिना इतका अरुंद की एकाने चढायचं ठरवलं तर दुसऱ्याने उतरायचा विचार सोडून द्यावा. दारावर पाटी होती : 'फाइल उघडायला वेळ लागतो. शेजारी उभे राहिल्याने ती लवकर उघडत नाही.' ही पाटी वाचूनही गिऱ्हाइकं शेजारीच उभी राहत, आणि गोपाळकृष्ण त्यांच्याकडे चष्म्यावरून बघत.

शालन तिथे पाच वर्षं काम करत होती. दोन हजार एक साल होतं. पुण्यात फ्लेक्स नुकताच आला होता आणि ज्याला त्याला आपलं तोंड वीस फुटी बघायची हौस आली होती. शालनला मात्र काम मनापासून आवडायचं. माऊस हातात आला की ती जेवण विसरायची.

एप्रिलमध्ये टपाल खात्यातले नागोराव बुटांच्या खोक्यात फोटो घेऊन आले. सोबत ऐंशी वर्षांची आई, यमुनाबाई. नागोरावांची लेक शर्मिला कॉम्प्युटर कंपनीत होती, तिचं लग्न ठरलं होतं, आणि कल्पना तिचीच होती. स्टेजवर वीस फुटी बॅनर, मधोमध जोडपं, दोन्ही बाजूंना घरातली एकेचाळीस माणसं, गेलेली आणि असलेली, सगळी. फोटो एवढा ताणला की नाकाचे ठोकळे होतात. म्हणून शालनने प्रत्येक माणूस रेषांनी काढायचा ठरवला. रेषेचं चित्र कितीही मोठं केलं तरी रेघ ती रेघच राहते. फक्त प्रत्येक रेघ म्हणजे शेकडो बिंदू, आणि ते सगळे मशीनला लक्षात ठेवावे लागतात.

खाली नावं यायची होती. बौद्ध घरांतल्या पद्धतीप्रमाणे हयात माणसापुढे 'आयु.' आणि गेलेल्यापुढे 'कालकथित'.

अडलं ते सीतारामपाशी. नागोरावांचा थोरला भाऊ. बहात्तरच्या दुष्काळात कामाला म्हणून सुरतेकडे गेला, तो गेलाच.

"एकोणतीस वर्षं झाली, आई," नागोराव हळूच म्हणाले. "सासरकडचे विचारतील, कुठे असतात. काय सांगायचं?"

"म्या म्हनते हाय, तर हाय," यमुनाबाई म्हणाल्या. "त्यो शबूद छापशील तर म्या लग्नाला यायची न्हाई. नातीच्या बी न्हाई. आन् पोरी, त्याचं क्यास पिकल्यालं काढ, आता पन्नाशीचा आसंल त्यो."

जिना उतरण्यापूर्वी नागोरावांनी शालनच्या कानाशी सांगितलं, "कालकथितच टाका. आईला वाचता येत नाही." शालनला ते मुळीच आवडलं नाही. म्हातारीला न सांगता तिचा मुलगा मारायचा, हे काय वागणं झालं? पण काम त्यांचं, शब्द त्यांचा. तिने टाकला.

नऊ दिवसांत चित्र झालं. झकास झालं. नव्वद एमबीची फाइल तिने सेव्ह केली, चहा प्यायली, पुन्हा उघडली. कर्सरच्या जागी वाळूचं घड्याळ आलं आणि ते हललंच नाही. मशीन बंद करून चालू केलं. पुन्हा तेच. हडपसरच्या प्रेसला सीडी पाठवली. तासाभरात त्यांचा फोन आला, "मॅडम, काय पाठवलंय? आमचं मशीन झोपलं."

लग्न चार दिवसांवर आलं होतं.

अशा वेळी धंद्यात एकच उपाय असतो. बॅकअपमधून अर्धी माणसं एका फाइलीत, अर्धी दुसरीत. जी उघडत नाही, दोष तिच्यात. तिचे पुन्हा दोन भाग. शालन भाकरी मोडावी तशी फाइल मोडत गेली. वीस, दहा, पाच, दोन. शेवटी एकटा सीताराम उरला. चित्र उघडलं. नाव उघडलं. त्या नावापुढे 'कालकथित' शब्द ठेवला आणि घड्याळ पुन्हा थांबलं.

"खराब झाला असेल, नवा टाइप कर," गोपाळकृष्ण म्हणाले.

तिने केला. सीतारामच्या नावाला लावला की मशीन बंद. तोच शब्द उचलून नागोरावांच्या वडिलांच्या नावापुढे ठेवला, ते जाऊन चाळीस वर्षं झाली होती, तर फाइल सुरळीत उघडली. गोपाळकृष्णांनी स्वतःच्या मशीनवर करून पाहिलं. मग चष्मा काढून पुसला.

"शालन, तिथे 'आयु.' टाकून बघ."

चार सेकंदांत फाइल उघडली. एकेचाळीस माणसं एकदम पडद्यावर आली, आणि खालच्या दुकानात कुणीतरी त्याच क्षणी स्पीकर लावून म्हणालं, "हॅलो, हॅलो, येतोय का आवाज?" शालन खुर्चीतून उडाली आणि मग स्वतःलाच हसली.

नागोरावांना फोन करून तिने सगळं सांगितलं. "असू द्या," ते म्हणाले. "मशीनसुद्धा आईचंच ऐकतंय, तर मी कोण?"

लग्न येरवड्याच्या एका हॉलमध्ये, भर दुपारी होतं. शालन नवी साडी नेसून गेली. दारातून आत शिरताच बॅनर दिसला आणि तिचा ऊर भरून आला. एवढ्या मोठ्या आकारातही एक रेघ वाकडी नव्हती. पाहुणे आपापली माणसं शोधत होते. "अगो बया, ही तर माझी आत्या!" म्हणून एक बाई चक्क बॅनरच्या पाया पडली. त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले गेले, फुलांचा वर्षाव झाला. मग पंगतीत गरम जिलेबी आली आणि हॉलमध्ये कुणाला कुणाचं ऐकू येईना.

तेवढ्या गोंगाटात यमुनाबाईंची हाक ऐकू आली.

"सीताराम!"

बॅनरच्या उजव्या टोकाखाली एक माणूस उभा होता. पन्नाशीचा. पांढरा सदरा, पिकलेले केस. चेहऱ्यावर भलतंच गोड हसू.

तो कुठून आला, कुणीच पाहिलं नव्हतं. नागोरावांना वाटलं, शर्मिलाच्या सासरकडच्यांनी शोधून आणला. सासरकडच्यांना वाटलं, हा तर बॅनरवर आहे, घरचाच.

"कुठं व्हतास रं?"

"बोलावलंत, आलो," तो म्हणाला.

मग जो कल्ला झाला, तो काय सांगावा! नागोराव लहान मुलासारखे रडले. वाजंत्रीवाल्यांनी न सांगता वाजवायला सुरुवात केली. बायकांनी यमुनाबाईंना मधे घेऊन फेर धरला. शालनही रडली आणि रडता रडता तिने तीन जिलेब्या खाल्ल्या.

यमुनाबाईंनी मुलाचं तोंड दोन्ही हातांत धरलं. अंगठा डाव्या गालावर फिरला, थांबला. मग उजव्या गालावर गेला. तिथे तीळ होता. त्या क्षणभर बघत राहिल्या आणि खदखदून हसल्या.

सीताराम डाव्या हाताने जेवला. नागोरावांच्या थोरल्या काकू म्हणाल्या, "सुरतेनं ह्याला पार उलटा करून धाडला!"

तो जवळून गेला तेव्हा शालनला नव्या फ्लेक्सचा वास आला. पण वर बॅनर होताच की.

सोमवारी गोपाळकृष्ण म्हणाले, "पाटी बदलायला हवी. हरवलेली माणसं काढून मिळतील, घाई करू नये." शालन हसत हसत फोटो खोक्यात भरत होती. सीतारामचा फोटो हातात आला.

तीळ डाव्या गालावर होता.

तिने पडद्याकडे पाहिलं. चित्रात उजव्या.

कारण अगदी साधं होतं. बॅनरच्या कडेची माणसं बाहेर बघत असली की रुसून निघाल्यासारखी दिसतात. म्हणून उजवीकडचे सगळे फोटो तिने आधी आरशातल्यासारखे उलटे करून घेतले होते, तोंडं आत, जोडप्याकडे. सगळेच करतात.

हे शालनखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

दुपारी ती खोकं परत द्यायला गेली. घर हसण्याने भरलं होतं. अंगणात सीताराम पोरांना चेंडू टाकत होता. डाव्या हाताने. तिला पाहून त्याने ओळखीचं हसू दिलं, जणू तिच्याच हाताखाली वाढला होता.

यमुनाबाईंनी तिला स्वयंपाकघरात नेलं, हातावर लाडू ठेवला.

"आज्जी, एक सांगायचंय. तो तीळ—"

"नव म्हयनं पोटात ठिवला म्या त्याला," यमुनाबाई हसत म्हणाल्या. "मला न्हाई कळनार? आगं, हासतोय, जेवतोय, आई म्हनतोय. लई झालं."

मग त्यांनी खोक्यात हात घातला, आपल्या मालकांचा फोटो काढला आणि पदराने पुसून शालनच्या हातात दिला.

"ह्यांच्या नावाम्होरचा बी काढ त्यो शबूद," त्या म्हणाल्या. "आन् ह्या टायमाला फोटू उलटा करू नगंस."