पेवातली मावशी

त्या साली दिवाळी उरकली आणि बन्सी जामखेडच्या बाजारात तंबाखू आणायला गेला. दुसरं काही काम नव्हतं. तंबाखू घ्यायची, कुणी ओळखीचं भेटलं तर चहा घ्यायचा, दुपारच्या एसटीनं परत.

बन्सीनं तीस वर्षं तमाशात मावशीचं काम केलं होतं. गवळणींच्या पुढं पदर दातात धरून जी म्हातारी मिरवते, ती. मिशी काढल्याची खूण दिसायची, तरी त्यानं तोंड उघडलं की ती म्हातारीच व्हायची. पडद्यामागून बोलला तर बायकासुद्धा फसत. पुढं फड मोडला. तंबू विकला, ढोलकीवाला मुलाकडे राहायला गेला, आणि मावशी घरी बसली.

बाजारात त्याला प्रवीणनं गाठलं. प्रवीण केबलवाला. जामखेडला तेव्हा केबल नवी होती. विजेच्या खांबावरून, लिंबाच्या फांदीवरून, कुणाच्या पत्र्यावरून काळी वायर घरोघर गेली होती. संध्याकाळी रस्त्यानं चाललं की प्रत्येक दारातून एकच आवाज यायचा. एका घरात हसू फुटलं की सगळी गल्ली हसायची. ते दिवस वेगळे होते.

"तात्या, काम हाय. मावशीचं."

"फड उभा केला का काय?"

"फड न्हाई. टीव्ही."

चहा पिता पिता प्रवीणनं सांगितलं. 'धीराचा गडी' नावाची मालिका. खर्ड्याच्या पलीकडे माळावर एक वस्ती होती. तिथली माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला गेलेली, पाडव्याशिवाय येत नाहीत. त्या रिकाम्या वस्तीत पाच गडी ठेवायचे. दर शुक्रवारी केबलवर दाखवायचं. जो भ्याला तो घरी. शेवटी राहील त्याला रंगीत टीव्ही.

"पाचातले चार आपले," प्रवीण म्हणाला. "नाटकातले. भ्यायचं सोंग करून एकेक पळतील. पाचव्याला काही ठाऊक न्हाई. अख्खं जामखेड हसंल, तो सोडून."

"आन् मी?"

"तुमी भूत."

बन्सी हसला. घरी बसलेल्या नटाला भुताचं काम हेही कामच.

पाचव्याचं नाव कारभारी. खाणीत दगड फोडायचा. पन्नाशी ओलांडलेला, बायको वारलेली. एकुलती एक मुलगी शुभांगी, तिला जामखेडातच दिलेली. लग्नात व्याह्यानं चार पाहुण्यांत त्याचा पाणउतारा केला, तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. तेव्हापासून मुलीच्या सासरी त्याला भित्रा म्हणत. तिच्या देखत म्हणत.

"टीव्ही मिळू द्या न्हाईतर ऱ्हाऊ द्या," पहिल्याच दिवशी तो बन्सीला म्हणाला. "पोरीनं एकदा बघितलं म्हंजी झालं. तिच्या सासऱ्याच्या म्होरं."

बन्सी वस्तीवर आचारी म्हणून राहिला होता. त्यानं भाकरी थापता थापता मान खाली घातली.

वस्तीत वीस-बावीस घरं. प्रत्येक दाराला बाहेरून कडी आणि कडीवर बाभळीची काटी आडवी. उंबऱ्याशी वाळलेली पानं. कोंबडं नाही, कुत्रं नाही. वारा सुटला की पत्रे कुरकुरत. तरी ते दिवस वाईट नव्हते. संध्याकाळी चुलीभोवती सगळे बसत. बाजरीची भाकरी, ठेचा, वर कच्चा कांदा. बन्सी जुन्या गवळणी म्हणायचा आणि कारभारी मांडीवर ताल धरायचा. ते चौघे नट. तेही विसरून जात की आपण सोंग करतोय. मग शुक्रवार यायचा आणि त्यातला एक भुताला भिऊन बोंबलत पळायचा.

भूत भर दुपारी यायचं. रात्री प्रवीणच्या कॅमेऱ्यात काही दिसत नसे.

मधल्या घरात जमिनीखाली धान्याचं पेव होतं. तोंड एक माणूस उतरेल एवढं, आतलं पोट खोलीएवढं. उतरायला भिंतीत खोबण्या. आत कुजक्या ज्वारीचा आंबूस वास कोंडलेला. प्रवीणनं घराच्या आढ्याला गोणपाटात कॅमेरा गुंडाळून ठेवला होता. गडी आत येण्याआधी तो सुरू करायचा आणि निघून जायचा. बन्सी पेवात उतरून बसायचा. त्यानं म्हातारीच्या आवाजात पाणी मागायचं, एवढंच काम.

चौघांतला पहिला किंचाळून पळाला. ठरल्याप्रमाणे. मग कारभारी आला.

"पानी..." बन्सी कण्हला. "पानी दे रं कुनी..."

वर पावलं थांबली. बन्सीनं श्वास धरला. आता पळणार. पण कारभारी पेवाच्या तोंडाशी वाकला.

"मावशी? राखनीला तुमी ऱ्हाईला व्हय? खाली कशा उतरला? थांबा, पानी आनतो."

बन्सीच्या ध्यानात आलं. कारभारी तोडणीवाल्याच्याच घरचा. टोळी निघाली की एक म्हातारं माणूस मागं ठेवायची तिकडे रीत. गाडीत बसवत नाही, काम होत नाही, त्यानं घरं राखायची, सांजेला दिवा लावायचा. रिकाम्या वस्तीत म्हातारीचा आवाज आला, तर त्यात कारभारीला नवल वाटलंच नाही. वस्तीच्या टोळीच्या मुकादमानं प्रवीणला बजावून सांगितलं होतं, की औंदा राखणीला कुणीच नाही, जी म्हातारी होती ती गेल्या साली वारली. पण कारभारीला ते कोण सांगणार?

त्यानं दोरीला तांब्या बांधून खाली सोडला. बन्सी पाणी प्यायला. करणार काय?

"वर येता का मावशी?"

"न्हाई बाबा... उन्हाचं इथंच गार वाटतं."

त्या शुक्रवारी जामखेड हसून लोळलं. भुताला पाणी पाजणारा गडी! प्रवीणनं बन्सीला मिठी मारली. "तात्या, आता रोज दुपारी उतरायचं."

आणि कारभारी रोज दुपारी यायचा. तांब्या सोडायचा, पेवाच्या काठाशी बसायचा, बोलायचा. चारचौघांत ज्याच्या तोंडून शब्द निघत नसे, तो त्या अंधाऱ्या भोकाशी बोलत बसायचा. लहानपणी राहायची उसाच्या पाचटाची कोपी. पहाटे थंडीत मोळी बांधताना आईनं कानाला गुंडाळलेलं फडकं. एका वर्षी आई थकली म्हणून तिलाच राखणीला ठेवून सगळे गेले.

"पाडव्याला आलो. दार आतून लावल्यालं हुतं," तो एकदा म्हणाला, आणि दोरीचा पीळ उलगडत बसला.

खाली बन्सी गुडघ्यात डोकं घालून ऐकायचा. हे सगळं आढ्यावरचा कॅमेरा घेत होता. शुक्रवारी गल्ली हसत होती. आणि शुभांगी? बन्सी एका शुक्रवारी संध्याकाळी मीठ-मिरची आणायला जामखेडला गेला, तेव्हा तिच्या दारावरून गेला. आत टीव्ही चालू, सासरा खदाखदा हसत होता. पोरगी अंगणात अंधारात भांडी घासत होती. घासलेलंच भांडं पुन्हा घासत होती.

चौघे गेले. कारभारी एकटा उरला. शेवटच्या शुक्रवारी बाजारतळावर स्टेज घालायचं ठरलं. बक्षिसाचा टीव्ही स्टेजवर मांडायचा, त्यावरच त्या दुपारची फीत लावायची, आणि सगळ्यांदेखत कारभारीला सांगायचं की तुझी मावशी म्हणजे हा बन्सी.

"मग त्याचं तोंड बघा," प्रवीण म्हणाला.

"प्रवीण, नको. त्यानं आईचं सांगितलंय मला."

"तेच तर, तात्या! लोक त्याच्यावरच हसणार."

त्या दुपारी बन्सी पेवात उतरला तो मनाशी ठरवून. आज मावशी बोलणार नाही. कारभारी हाका मारेल, जाईल. मग वर येऊन त्याला सगळं सांगायचं.

वर पावलं वाजली.

"मावशी..."

बन्सी गप्प.

"मावशी, आज शेवटचा दिस. पानी आनलंय."

बन्सीनं तोंडावर हात दाबून धरला. बाहेर वारासुद्धा थांबला होता. वरून पडलेला उजेडाचा गोल त्याच्या पायाशी होता, आणि त्याच्या पलीकडे काही दिसत नव्हतं.

"आन बाबा," त्याच्या पाठीमागून आवाज आला.

त्याचाच आवाज. मावशीचा. पण त्याचं तोंड त्याच्या हाताखाली बंद होतं.

"लई तहान लागली रं..."

तांब्या हेलकावत खाली आला. बन्सीच्या खांद्याला काहीतरी घासून गेलं. वाळलेल्या पाचटासारखं. दोरी ताणली. मग अंधारात घोट घेतल्याचा आवाज येऊ लागला. एक घोट, दुसरा घोट, सावकाश... आणि त्याच्या मानेवर कुणाचा तरी श्वास. त्या श्वासाला ज्वारीचा वास होता.

खोबण्यांत पाय कधी ठेवले, वर कसा आला, हे बन्सीला पुढं कधीच आठवलं नाही. एकदम ऊन डोळ्यांत गेलं. समोर कारभारी उभा होता.

"बन्सीभाऊ? तुमी... आत काय करत हुता?"

बन्सीनं त्याला हाताला धरून बाहेर ओढलं आणि लिंबाखाली सगळं सांगितलं. चौघे नट. कॅमेरा. पेव. हसणारी गल्ली. कारभारी जमिनीकडे बघत ऐकत होता.

"शुभांगीला ठाव हाय?"

"सगळ्या जामखेडला ठाव हाय."

कारभारीनं फेटा सोडला आणि पुन्हा नीट बांधला.

"मी कुठं भ्यालेला दिसलो का?"

"न्हाई."

"मग चला. बोलावलंय तर जाऊ."

"कारभारी, आज बोलली ती मी न्हवं..."

कारभारीनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग वाटेला लागला.

दिवेलागणीला बाजारतळ भरून गेला होता. पोरं टेम्पोच्या टपावर चढलेली. शुभांगी सासू-सासऱ्यांच्या मागं उभी, पदर कपाळापर्यंत. प्रवीणनं कॅमेऱ्यातून काढलेली फीत तशीच आणली होती, बघायला त्याला वेळ कुठला? स्टेजवर कारभारीला खुर्ची, शेजारी बन्सी. फीत सुरू झाली.

पडद्यावर कारभारी पेवाशी वाकला. मावशी बोलली. लोकांत हसू पसरू लागलं. मग पेवाच्या तोंडातून एक हात वर आला. काटकुळा, हिरव्या बांगड्यांचा. त्यानं दोरी धरून तांब्या आत घेतला.

"वा बन्सी!" कुणीतरी ओरडलं. "बांगड्या कवा भरल्या?"

सगळा बाजारतळ हसला. प्रवीणनं माईक बन्सीच्या तोंडाशी धरला. "सांगा तात्या, मावशी कोण?"

बन्सीनं आपले दोन्ही हात वर केले. जाड, केसाळ हात. "तो हात माझा न्हाई," तो म्हणाला. "माझ्या रक्ताची आन. ती मी न्हाई. हा माणूस आज खऱ्या भुताला पानी पाजत हुता आन् तुमी हसत हुता."

लोक आणखीच हसले. सोंगाड्या खरं बोलला तरी ते सोंगच वाटतं. शुभांगीचा सासरा पोट धरून खाली बसला. कारभारी ताठ बसून होता. 

फीत चालूच होती. पडद्यावर बन्सी पेवातून वर आला, कारभारीला ओढत दाराबाहेर गेला. खोली रिकामी झाली. पेवाचं काळं तोंड तेवढं दिसत होतं. प्रवीण ती बंद करायला वळला.

"कारभारी..."

प्रवीणचा हात थांबला.

"कारभारी... मला वर घ्या..." आवाज पुरुषाचा होता. घोगरा, रडवेला. "मी बन्सी... मी खालीच हाय... तुमी कुनाला घेऊन चालला..."

हसू कुठं गेलं ते कळलं नाही. टपावरची पोरं खाली उतरली. सगळ्यांनी स्टेजवरच्या बन्सीकडे पाहिलं. त्याचं तोंड बंद होतं. आवाज फितीतून येतच होता, पुन्हा पुन्हा, हळूहळू बारीक होत.

पहिली रांग मागं सरकली. मग दुसरी. प्रवीण माईक टाकून स्टेजवरून उतरला. शुभांगीचा सासरा उठून बायकोच्या आड झाला.

बन्सीला सांगायचं होतं की मी इथं आहे, हा मीच. त्यानं तोंड उघडलं. घसा असा कोरडा पडला होता की आवाजच निघेना. त्याला आठवायचं होतं की तो वर कसा आला.

तेव्हा कारभारी उठला. स्टेजच्या कोपऱ्यात पाण्याची घागर होती. त्यानं तांब्या बुडवून भरला. सगळा बाजार बघत होता, शुभांगी बघत होती. तिचा पदर कपाळावरून मागं गेला होता, आणि तो सावरायचं तिला भान नव्हतं.

"आबा," ती म्हणाली. 

कारभारी रिकाम्या स्टेजवरून चालत बन्सीसमोर आला. त्याचा हात जराही हलत नव्हता. तांब्यातलं पाणी काठोकाठ होतं आणि एक थेंब सांडला नाही.

बन्सीनं दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि ओठाला लावला. एक घोट, दुसरा घोट. थांबताच येईना.

"सावकाश प्या, मावशी," कारभारी मायेनं म्हणाला. त्याच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती.