निळ्या खडूची रेघ

दार ओढून घ्या आणि जवळ सरका. भूतबीत मी मानत नाही, पण हे आमच्या गल्लीतल्या टेलरवर गुदरलेलं आहे आणि त्या रात्रीची फेरी माझ्याच रिक्षाने मारली.

शनिवार होता. दुकान बंद करून टेलर चिकटपट्टी आणायला मेडिकलमध्ये गेला. बायको पोटाचं ऑपरेशन होऊन घरी आली होती आणि टाक्यांतून घाण पाणी झिरपत होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाणी आलं, लाली पसरली, ताप चढला तर तडक घेऊन या. पण टेलर तो टेलरच! उसवलं की बंद करायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्याने पट्टीवर पट्टी चिकटवली, घट्ट. त्याच्या वडिलांनी, तेही टेलरच, हर्नियाची जखम अशीच सगळ्यांपासून लपवली होती आणि त्यातच गेले. शहाणपण काही वारशाने येत नाही, लेको.

रात्री वहिनींचं अंग भाजायला लागलं. त्या बरळू लागल्या. पुन्हा पोट उघडलं तर ही टेबलावरच जाईल, ही त्याच्या मनात धास्ती. म्हणून बिचारा हात धरून नुसता रडत बसला. दीडच्या सुमाराला त्याचा डोळा लागला.

जाग आली ती कात्रीच्या आवाजाने.

कच्... कच्...

खोलीत कोणी नाही. कडी आतून लागलेली. वहिनींच्या पोटावरची पट्टी मात्र कापलेली. सरळ. आणि जखमेच्या लालीभोवती निळ्या खडूची रेघ. मध्ये, टाक्यांवर, एक फुली... कपडा जिथे उसवायचा तिथे वडील घालायचे, तशी.

तो बघत राहिला.

लाली रेघेला टेकली.

मग... रेघेबाहेर गेली.

कोपऱ्यातून कोणीतरी हळूच म्हणालं, "बंद करू नकोस, बाळा. उसव."

तो अनवाणीच माझ्या दारात आला. "दादा, रिक्षा काढा. ही चालली हो..."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, रेघ कोणी काढली? म्हणाले, लाली किती पसरतेय ते आम्हीही असंच बघतो. फुलीखालचेच टाके त्यांनी सोडले. भसाभस पू आला. जखम मुद्दाम उघडी ठेवली. रोज धुवायची, आत जाळीदार कापडाची पट्टी भरायची, म्हणजे ती तळापासून भरून येते. पुढे वहिनी चालत घरी आल्या.

पण सकाळी, त्या अजून दवाखान्यातच होत्या, तेव्हा आम्ही कपडे न्यायला घरी आलो. वडिलांचा उरलेला खडू टेलरने घरातल्या मशीनच्या खणात कुलपात जपला होता. त्याने कुलूप काढलं, खडू उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

नखाएवढा तुकडा...

तापकऱ्याच्या कपाळासारखा गरम होता.