गालिच्यावरची बारा पावलं

व्यायामवर्गाच्या पहिल्याच दिवशी मी वीत्सेच्या अंगावर कोसळले. दोष माझा नव्हता, डुगडुगणाऱ्या फळीचा होता. तोल सावरायचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एका पायावर उभं राहून डोळे मिटायला सांगितलं आणि मी थेट शेजारच्या फळीवर…

"गुडघा नवा आहे," तो खालून म्हणाला. "जरा जपून."

"माझा घोटाही नवाच आहे. मी तक्रार करतेय का?"

त्याचा गुडघा काठीच्या आधारानं कालव्यापलीकडे उडी मारताना गेला होता. माझा घोटा दोन हिवाळ्यांपूर्वी, गोठलेल्या कालव्यांवरून सात गावं फिरणाऱ्या स्केटिंगच्या फेरीत, आमच्याच गावच्या पुलापाशी. पुलाखाली बर्फ पातळ असतो, म्हणून काठावर चढायचं, स्केट्ससकट जुन्या गालिच्यांवरून चालायचं आणि पलीकडे पुन्हा बर्फावर उतरायचं. आमच्याकडची पाच वर्षांची पोरंही हे करतात. मी मात्र सगळ्या गावासमोर आडवी झाले. घोटा दुखला, पण लाज जास्त दुखली. ती फेरी मला पुरी करायचीच होती, कुणाचाही हात न धरता.

वर्ग दर मंगळवारी असायचा. आमचे मंगळवार सुरू झाले.

"दात घासताना कुठल्या पायावर उभी राहतेस, हिस्के?"

"डाव्या. तू?"

"उजव्या."

"म्हणजे दोघं मिळून एक धड माणूस झालो."

तो हसला की त्याची फळी हलायची… आणि माझीही.

फेब्रुवारीत कालवे गोठले. सहा गावं आम्ही सुसाट पार केली. मग आमचा पूल आला. कठड्याला टेकून, वाटाण्याचं गरम सूप पीत अख्खं गाव उभं होतं. वीत्से आधी पलीकडे गेला आणि वळून त्यानं हात पुढे केला.

"नको," मी म्हणाले.

त्यानं हात खिशात घातला. त्या क्षणी तो मला फारच आवडला.

गालिचा ओला होता. चौथ्या पावलाला घोटा कलला. मी थांबले… मंगळवारी सोडायचे तसा श्वास सोडला. पाच. सहा. बाराव्या पावलाला पायाखाली बर्फ होता आणि पुलावर आरोळी उठली होती.

"आता दे हात."

"आता? आता तर तू पडत नाहीस."

"म्हणूनच मागतेय. आधारासाठी नाही, वीत्से — तू आवडतोस म्हणून."

तो कानापर्यंत लाल झाला. हातमोजा काढून त्यानं माझा हात घट्ट धरला, आणि पहिल्याच ढांगेला घसरला.

मी त्याला पडू दिलं नाही. सगळ्या गावानं पाहिलं.