तन्या, हात दे

उद्या तुम्ही मुलं त्या जंगलातल्या तळ्यावर जायचं म्हणताय, म्हणून सांगतो. स्वराली, तो दिवा राहू दे चालू. आमच्या मल्हारच्या बाबतीत घडलेलं आहे. त्यानं मला सांगितलं तसंच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

मल्हार तेव्हा इथे श्टुटगार्टला मास्टर्स करत होता. आमच्या रीनाला नुकतंच बाळ झालं होतं, आणि तिकडे डोंगराकडच्या एका गावात एक आजीबाई आपला जुना लाकडी पाळणा द्यायला तयार होत्या. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मल्हार म्हणाला, काका, वीकेंडच आहे, मी आणतो. गाडी त्याच्या रूममेटची, तनयची.

तनय मूळचा साताऱ्याचा. हुशार पोरगा, पण त्या वर्षी गप्प गप्प झालेला. कारण सगळ्यांना माहीत होतं. त्याचा जिवलग मित्र प्रणव आधीच्या फेब्रुवारीत त्या तळ्यावरचा बर्फ फुटून बुडाला होता. एकटाच गेला होता, असं तनयनं पोलिसांना सांगितलं. प्रणवचे आईवडील इथे आले, तेव्हा आठवडाभर तोच त्यांच्यासोबत होता. प्रणवची आई रडत रडत त्याला स्वतःच्या हातानं भरवायची.

तर तो नोव्हेंबरचा चौथा शनिवार. दुसऱ्या दिवशी टोटेनझोनटाग, म्हणजे इथल्या लोकांची सर्वपित्रीच म्हणा. पाळणा मागच्या सीटवर टाकून दोघं परत निघाले, गाडी मल्हार चालवत होता. हायवेवर अपघात झालेला, म्हणून सगळी वाहतूक आतल्या रस्त्यानं वळवली होती. तो रस्ता तळ्याच्या काठानं जातो. तनय म्हणायला लागला, आपण गावात परत जाऊ, तिथेच राहू. मल्हारला वाटलं, मित्राची आठवण सहन होत नसेल. त्यानंच समजूत काढली. थोडासाच तर रस्ता आहे, जाऊ हळूहळू. ते त्याला अजून खातं.

पाच वाजले असतील. इथे नोव्हेंबरात पाचला मिट्ट काळोख. पण थंडी म्हणावी तर त्या दिवशी नव्हतीच. तळं जवळ आलं तसं धुकं दाटलं. हीटर चालू असूनही दोघांच्या तोंडातून वाफ निघायला लागली. मग समोरची काच पांढरी झाली. मल्हारनं वायपर लावले. काही उपयोग नाही.

बर्फ काचेच्या आतल्या बाजूनं होता.

गाडी थांबवावी लागली. दोघं नखांनी काच खरवडायला लागले. तेव्हा तळ्याकडून हाक आली. मोठ्यानं नाही. शेजारच्या खोलीतून कुणी बोलावं तशी.

"तन्या... हात दे."

मराठीत. त्या जंगलात.

मल्हारला वाटलं, भास झाला. पण तनयचा हात थांबला होता.

"तुलाही ऐकू आलं?" त्यानं विचारलं.

मल्हारनं मान हलवली. मग तनय सगळं बोलला, त्या पांढऱ्या काचेकडे बघत. दोघं मिळूनच गेले होते. चालत पलीकडे जाऊन दाखव, ही पैज तनयनंच लावलेली. बर्फ फुटला तो काठापासून जेमतेम पाच-सहा पावलांवर. प्रणव बर्फाची कड धरून हाका मारत होता. हीच हाक. तनयच्या गळ्यात मफलर होता, खिशात फोन होता. आणि तो पळाला. स्टेशनवर जाऊन ट्रेनमध्ये बसला.

"फोन का नाही केलास?"

"घाबरलो. म्हटलं, जरा वेळानं करतो. मग... करण्यासारखं काही राहिलं नाही."

पुन्हा आवाज. आता दाराशी.

"माझ्या आईच्या हातचं जेवलास ना, तन्या?"

तनय रडत होता. आवाज न करता.

"आता हात दे."

त्याच्या बाजूचं दार उघडलं. त्यानं उघडलं नव्हतं... त्याचे दोन्ही हात चेहऱ्यावर होते. मग उजवा हात खाली आला. बाहेर गेला. कुणीतरी धरल्यासारखा ताणला गेला. मल्हारनं त्याचं जॅकेट पकडलं. जीव खाऊन ओढलं.

जॅकेट हातात राहिलं.

धुक्यात पावलं वाजली. दोघांची. आधी पाचोळ्यावर. मग... पातळ बर्फ चरचरावा तसा आवाज. लांब जात गेला. आणि मग काही नाही.

मल्हारनं दार ओढून लावलं, पोलिसांना फोन केला, आणि ते येईपर्यंत गाडीतून पाय खाली ठेवला नाही. तनय दुसऱ्या दिवशी सापडला. तळ्याच्या मध्यावर. पोलीस म्हणाले, अपराधी मनानं जीव दिला. गाडीत तनय जे बोलला ते मल्हारनं त्यांना सांगितलं होतं. मग मलाही सांगितलं, आणि प्रणवच्या घरी फोन मीच केला. त्याच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्याच्या आईनं फोन घेतला. एवढंच विचारलं, "किती वेळ हाका मारत होता हो तो?"



आणि एक. पोलिसांनी त्या संध्याकाळी आल्या आल्या बॅटरीच्या उजेडात काढलेले फोटो मी पाहिलेत; धुकं तोवर विरलं होतं. सबंध तळं मोकळं आहे, पाण्यात बदकं दिसतात. फक्त काठापासून मध्यापर्यंत बर्फाचा एक पट्टा आहे, दोन माणसं जातील एवढाच. त्यावर दोघांची पावलं आत गेलेली. एकाची बुटांची, एकाची अनवाणी.

अनवाणी पावलं परत आलेली आहेत. पाचोळा ओला करत रस्त्यापर्यंत, गाडीला वळसा घालून... मल्हार बसला होता, त्या दारापर्यंत.

तिथून पुढे कुठेच गेलेली नाहीत.